उभी गाडी आणि न दिसणारे काम



अनेक वर्षे उभी असलेली डिझेल गाडी पुन्हा रस्त्यावर कशी येते, हा आमचा आजचा विषय आहे. कार्यक्रमपत्रिकेत तो वाचून आपणांपैकी कित्येकांना नवल वाटले असेल. व्याख्यानमालेत संतवाङ्मय येते, इतिहास येतो, अर्थशास्त्र येते. त्यात हे गॅरेज कोठून आले, असे कोणी म्हटल्यास आम्हांला राग येणार नाही. परंतु न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून या परंपरेत जगाकडे डोळे उघडून पाहण्याला मान आहे. हातात पाना घेऊन काम करणारा माणूसही जगाकडे डोळे उघडूनच पाहत असतो. त्याने पाहिलेले चार शब्द आपणांपुढे ठेवावे, एवढाच आमचा हेतू आहे.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीवर थांबले. पुढचे झाले ते हमालांच्या बैठकांत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. आम्ही मिस्त्री नाही. संघटनेचे काम करीत तीस वर्षे फिरलो, आणि या गाडीच्या वेळी अकरा दिवस मिस्त्रीच्या शेजारी बसून पाहिले, विचारले, वहीत लिहून घेतले. त्या वहीतले आज सांगणार आहोत.

आम्ही राहतो वारंगा फाट्याला. नांदेडहून हिंगोलीकडे निघाले म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटरवर हा फाटा लागतो. येथून एक रस्ता आखाडा बाळापूर, कळमनुरी, हिंगोलीवरून अकोल्याकडे जातो आणि दुसरा हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. फाट्याची खिचडी आपण खाल्ली असेल. न खाल्लेल्या प्रवाशानेही तिचे नाव ऐकलेले असते. ती खिचडी खाण्यासाठी ज्या गाड्या थांबतात त्या प्रवाशाला दिसतात. हॉटेलांच्या आणि दुकानांच्या मागल्या अंगाला ज्या गाड्या कायमच्या थांबल्या आहेत, त्या त्याला दिसत नाहीत. बाभळीखाली एखादा टेम्पो, पत्र्याच्या शेडमध्ये एखादी जीप. कोणाचे कर्ज थकले, कोणाचा चालक गेला, कोणाची वर्दी तुटली. मार्च २०२० च्या अखेरीस देशभर टाळेबंदी झाली तेव्हा त्यांत आणखी भर पडली. "महिनाभराने काढू" म्हणून लावलेल्या गाड्या पुढे वर्षानुवर्षे तशाच राहिल्या. आमच्या संघटनेची मॅटाडोर त्यांतलीच एक.

या मॅटाडोरचे कुळ मराठी माणसाला परके नाही. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी काढली. जर्मनीतल्या टेम्पो या कारखान्याच्या सहकार्याने तिने आधी तीनचाकी मालगाड्या बनविल्या, आणि कारखान्याचे ते नाव आपल्या भाषेत असे रुळले की आज कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी आपल्याला 'टेम्पो'च असते. १९६९ मध्ये मॅटाडोर आली. दूध, भाजी, शाळेची मुले, लग्नाचे वऱ्हाड, निवडणुकीचे कर्णे, काय तिने वाहिले नाही? २००५ साली कंपनीने फोर्स मोटर्स असे नाव घेतले. मॅटाडोर आता तयार होत नाही. जी आहे ती जपावयाची, नाही तर मोडावयाची.

आमची गाडी १९९८ सालची. तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, तो १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघाला. म्हणून आमच्या गाडीवर परभणीचा बावीस क्रमांक आहे, हिंगोलीचा अडतीस नव्हे. हमालांनी, क्लीनरांनी, गॅरेजातल्या कामगारांनी वर्गणी काढून ती जुन्यात घेतली. सभेला माणसे नेणे हे तिचे सर्वांत हलके काम. हळदीच्या हंगामात एखाद्याच्या पाठीत उसण भरली, पोत्यांची थप्पी कोसळून एखाद्याचा पाय मोडला, तर रात्री-अपरात्री त्याला नांदेडला नेणारी गाडी तीच होती.

ती पुन्हा चालू करावी की भंगारात द्यावी, यावर आमच्या कार्यकारिणीत दोन तास चर्चा झाली, आणि भंगाराच्या बाजूने बोलणारांचे म्हणणे पोकळ नव्हते. जुनी वाहने मोडीत काढण्याचे केंद्र सरकारचे धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाले. नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत दिली तर प्रमाणपत्र मिळते व नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. डिझेलचा धूर माणसात कर्करोग उत्पन्न करतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये दिला आहे. तो धूर सर्वांआधी आमच्याच सभासदांच्या, म्हणजे चालकांच्या आणि मिस्त्र्यांच्या छातीत जातो. शिवाय १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. मग हा जुना डबा हवा कशाला?

याला उत्तर दिले आमच्या एका हमाल भगिनीने. त्या म्हणाल्या, "१०८ माणसाला दवाखान्यात नेते. पायाला प्लास्टर घालून त्याला सोडल्यावर घरी कोण आणणार? एस.टी.च्या पायरीवर तो चढणार कसा?" सभेत कोणी पुढे बोलले नाही. नवी गाडी घेण्याइतका पैसा संघटनेजवळ नव्हता आणि काम तर उभे होते. ठराव झाला तो असा: गाडी दुरुस्त करावी; धुराच्या तपासणीत ती उतरली नाही तर भावनेत न गुंतता मोडीत द्यावी; आणि ती गरजेपुरतीच चालवावी.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. उभी गाडी विश्रांती घेत असते, अशी आपली एक समजूत असते. धावेल ती झिजेल, उभी राहील ती टिकेल, हा हिशेब वरवर बरोबर दिसतो. पण यंत्राचा अनुभव तसा नाही. धावत्या गाडीत तेल सर्व सांध्यांतून फिरत असते आणि इंजिनाच्या उष्णतेने ओलावा उडून जातो. उभ्या गाडीत तेल गळून तळाशी बसते, वरचे पोलाद उघडे पडते, आणि आपल्याकडचा पावसाळा आपले काम करतो. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटतात. क्लचची प्लेट फ्लायव्हीलला धरून बसते. टाकीच्या रिकाम्या भागातल्या हवेतला ओलावा थेंब होऊन डिझेलच्या खाली जमतो. त्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढतात आणि काळा, बुळबुळीत गाळ तयार होतो. टायरचा जो भाग जमिनीला टेकलेला असतो तो चपटा होतो व बाजूला भेगा पडतात. उंदीर वायरी कुरतडतात, एअर फिल्टरमध्ये घरटे करतात. उभे राहण्याचीही एक झीज असते. ती सावकाश होते आणि कोणी पाहत नाही, इतकेच.

डिझेल इंजिन चालते कसे, हे थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे सोपे होईल. ज्यांच्या शेतात पूर्वी किर्लोस्करचे इंजिन होते त्यांना ते ठाऊकच आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते. डिझेलला ठिणगी नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली ऑग्सबर्ग येथे जे इंजिन यशस्वी करून दाखविले त्याचे मर्म असे की, हवा पुरेशी दाबली तर ती इतकी तापते की तिच्यात इंधनाचा फवारा सोडताच तो आपोआप पेटतो. सायकलीत हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, तेच हे तत्त्व. म्हणून जुन्या डिझेल इंजिनाच्या मागण्या तीनच. हवा दाबली गेली पाहिजे, म्हणजे रिंगा मोकळ्या आणि घट्ट हव्यात. डिझेल स्वच्छ पाहिजे, कारण पंपाचे आणि नोझलचे भाग केसाहून बारीक फटीने एकमेकांत बसविलेले असतात. आणि डिझेलच्या नळीत हवेचा बुडबुडा नको. नोझल उघडण्यास शंभराहून अधिक वातावरणांचा दाब लागतो. डिझेल दबत नाही म्हणून तो दाब नोझलपर्यंत पोचतो. मध्ये हवा असेल तर ती स्वतःच दबून बसते आणि नोझल उघडत नाही.

आमचे मिस्त्री वयाने सत्तरीकडे झुकलेले. फाट्यावर सारे त्यांना चाचा म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, काठीने शेडमधला पालापाचोळा दूर केला, कारण उभ्या गाडीखाली साप असणे आपल्याकडे नवलाचे नाही, आणि आम्हांला सांगितले, "भाऊ, किल्लीला कोणी हात लावू नका. आधी तिला थांबता येऊ द्या, मग चालवू." आणि त्यांनी सुरुवात केली ती इंजिनापासून नव्हे, ब्रेकपासून.

हा क्रम आम्हांला प्रथम उलटा वाटला. पुढे त्याचे कारण उमगले. इंजिन सुरू झाले की माणसाला राहवत नाही. तो गिअर टाकतो आणि दहा पावले तरी गाडी हलवून पाहतो. त्या दहा पावलांत ब्रेक लागला नाही तर समोर भिंत असते किंवा माणूस. ब्रेक ऑईलचा स्वभाव हवेतला ओलावा पिण्याचा आहे. चार-पाच वर्षांत ते इतके ओले होते की आतून सिलिंडर गंजतो, रबरी कप फुगतो किंवा फाटतो. आणि असे ओले ऑईल उताराला तापले की त्याची वाफ होऊन पेडल पायाखाली नुसते दबते. चाचांनी चारही चाके काढली. गाडी जॅकवर उचलली, पण जॅकवर सोडली नाही. चॅसीखाली लाकडी ठोकळे घातले. विटा घालू दिल्या नाहीत, कारण वीट भाराखाली एकाएकी फुटते. ड्रममधली धूळ फुंकू दिली नाही. ओल्या फडक्याने पुसून घेतली, कारण जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते आणि ते फुप्फुसात गेले की बाहेर येत नाही. चाकांचे सिलिंडर, मास्टर सिलिंडरचा किट, नळ्या, नवे ऑईल, हँडब्रेकची दोरी, यांत तीन दिवस गेले.

त्याच दिवसांत दुसरे एक काम चालू होते, म्हटले तर काम आणि म्हटले तर नुसते थांबणे. चाचांनी नोझल खोलून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे थोडे ऑईल सोडले आणि तोंडे स्वच्छ कापडाने झाकून ठेवली. रोज सकाळी थोडे आणखी. रिंगांच्या गंजात तेल मुरावयास वेळ लागतो. त्या वेळेला दुसरा पर्याय नाही. पाचव्या दिवशी त्यांनी इंजिनाच्या पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावला आणि हलक्या हाताने दाब दिला. जरासे पुढे, जरासे मागे. अर्ध्या तासाने इंजिनाने एक पूर्ण वेढा घेतला. चाचांच्या तोंडून फक्त "हां" एवढेच निघाले.

त्याच दिवशी संध्याकाळी कार्यकारिणीचे चार सभासद शेडमध्ये आले. त्यांनी काय पाहिले? पाच दिवस झाले, आणि गाडी आली होती त्याहून जास्त उघडी पडलेली. चाके बाजूला, नोझल वर्तमानपत्रावर मांडलेले, आवाज कसलाच नाही. एक जण म्हणाला, "ट्रकला बांधून ओढा, दुसऱ्या गिअरात क्लच सोडा, धडाधड चालू होईल." ही युक्ती आपणही रस्त्यावर पाहिली असेल. परवा बंद पडलेल्या गाडीला ती चालते. पाच वर्षे उभ्या असलेल्या गाडीत चिकटलेली रिंग अशा झटक्याने तुटते, सिलिंडरला ओरखडा पडतो. आत पाणी उतरलेले असेल तर पाणी दबत नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. जे काम शेपन्नास रुपयांच्या ऑईलने आणि पाच दिवसांच्या धीराने होते, त्याच्या जागी संपूर्ण इंजिन बांधावे लागते.

दुसऱ्याने विचारले ते अधिक महत्त्वाचे होते. तो म्हणाला, "चाचांना रोजाने पैसे कशाला? गाडी चालू झाली की एकदम देऊ. न झाली तर काय?"

मित्रहो, हे वाक्य आम्ही आमच्या आयुष्यात शेकडो वेळा ऐकले आहे. पण ते आडतीत आणि मालधक्क्यावर, समोरच्या बाजूने ऐकले आहे. हमाल सकाळी सहाला येऊन बसतो, ट्रक दुपारी चारला लागतो. दहा तासांची मजुरी मागितली की उत्तर मिळते, "पोते कोठे हलले? पोते हलले तर पैसे." वाट पाहण्यात गेलेला दिवस हाही त्या माणसाच्या आयुष्यातलाच दिवस असतो, हे मान्य करून घेण्यासाठी आपल्या राज्यात कामगार किती झगडले! महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा १९६९ साली झाला तो अशा झगड्यांतून. ज्याला पक्का मालक नाही, पक्का पगार नाही, अशा अंगमेहनतीच्या माणसाची नोंद व्हावी, त्याची मजुरी मंडळामार्फत त्याच्या हाती पडावी, त्याला भविष्यनिर्वाह निधी मिळावा, हा त्या कायद्याचा गाभा. हा कायदा ज्यांनी पाठ केला त्यांच्याच शेडमध्ये "पोते हलले तर पैसे" हा न्याय लागू होणार काय?

आम्ही त्या चौघांना तेथेच बसविले आणि चाचांना पाच दिवसांचा हिशेब तोंडी सांगावयास लावला. कोणता नट का सोडला, कोणत्या सिलिंडरात किती गंज होता, कोणते काम आज न केले तर कोणत्या उतारावर कोणाचा जीव जाईल. तास गेला. चौघांपैकी दोघे हमाल होते. त्यांना समजावयास वेळ लागला नाही. चाचांचा रोज आणि त्यांच्या हेल्परचा रोज निरनिराळा, रोजच्या रोज द्यावा, असे ठरले. हेल्परचा रोज मिस्त्रीच्या रोजात गडप होतो, ही या धंद्यातली जुनी रीत आहे. तो पोरगा एकोणीस वर्षांचा. त्याच्या आधी त्या जागी कितीतरी 'छोटू' येऊन गेले असतील. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला गॅरेजात कामाला ठेवणे सरळ गुन्हा आहे, हे आपण गाडी दुरुस्तीला देताना एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे.

सहाव्या दिवशी टाकी उतरवून धुतली. तीतून जे निघाले ते डिझेल म्हणवत नव्हते. गंमत अशी की आमची गाडी उभी राहिली आणि देशातले डिझेल बदलले, दोन्ही एकाच वेळी. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा प्रतीचे इंधन आले. दहा लाख भागांत गंधक पूर्वी पन्नास भागांपर्यंत चाले, ते दहा भागांवर आले. पंपाच्या जुन्या रबरी सीलांवर लक्ष ठेवा, असे चाचांनी बजावले. सातव्या दिवशी पंप आणि नोझल नांदेडला तपासून आणले. आठव्या दिवशी रेडिएटर, होज पाइप, पट्टा, वायरी आणि नवी बॅटरी. नवव्या दिवशी नवे इंजिन ऑईल, नवे फिल्टर, स्वच्छ डिझेल.

मग हवा काढण्याचे काम. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप दाबीत राहावयाचे; आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. मग स्क्रू घट्ट. तेच पंपावर, तेच नोझलच्या नळ्यांवर. हेल्परने कुतूहलाने एका नळीपुढे बोट नेले तेव्हा चाचांनी त्याचा हात झटकन मागे ओढला. नोझलचा फवारा कातडी भेदून आत जातो. जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमावण्याची वेळ येते. हे कोणत्याही गॅरेजच्या भिंतीवर लिहिलेले आम्ही पाहिलेले नाही. म्हणून येथे सांगतो.

सुरू करण्यापूर्वी गाडी शेडबाहेर ढकलली, कारण बंद जागेतला धूर माणूस मारतो. एकाला एअर फिल्टरच्या तोंडाशी फळी घेऊन उभे केले. असे इंजिन एकदा बेफाम झाले तर किल्ली काढून थांबत नाही, त्याची हवा तोडावी लागते. हीटर प्लग तापू दिले आणि सेल्फ मारला. तिसऱ्या वेळेस इंजिन पेटले. ऑईलचा दिवा विझला. धूर आधी पांढरा आला. तो न जळलेल्या डिझेलचा. काही मिनिटांत विरळ झाला. काळा राहिला असता तर इंधन जास्त किंवा हवा कमी, निळा राहिला असता तर ऑईल जळते आहे, असे समजावयाचे. फाट्यावरची पाच-पन्नास माणसे गोळा झाली. टाळ्या वाजल्या. टाळ्या नवव्या दिवसाला मिळाल्या. पहिल्या आठ दिवसांना कोणी वाजविल्या नव्हत्या.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर महाराष्ट्राने पाहिली आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर जी एस.टी. सुरू झाली, ती ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या संपात महिनोन्‌महिने आगारांत उभी राहिली. मागणी शासनात विलीनीकरणाची होती. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर परत येण्यास सांगितले आणि कामगार परतले. संपाच्या बऱ्या-वाईटाची चर्चा आज करावयाची नाही. आम्हांला एवढेच सांगावयाचे आहे की, एस.टी. पुन्हा "सुरू झाली" ही बातमी एका ओळीत छापता येते. पण उभ्या गाडीची बॅटरी उतरते, ब्रेकला गंज चढतो, टायर बसतो, हा नियम सरकारी गाडीलाही सुटत नाही. प्रवाशाला रस्त्यावर गाडी दिसते. तिच्याखाली उताणा पडून ब्रेक तपासणारा यांत्रिक त्याला दिसत नाही. संप पुकारावयास एक सभा पुरते; चाक पुन्हा सुरक्षित फिरवावयास किती हात लागतात, हे प्रत्येक संघटकाने आगारात जाऊन पाहावे.

गाडी चालू झाली म्हणजे रस्त्यावर आली, असे मात्र नाही. कागदांचे इंजिन वेगळे असते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे टिकते, पुढे दर पाच वर्षांनी ती तपासणी करून नवी करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील हलक्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते दहा हजार झाले. उशिराचा दंड निराळा. निदान त्रयस्थ पक्षाचा विमा हवाच आणि धूर तपासणीचे प्रमाणपत्र हवेच. ज्यांची गाडी नियमित कर भरणारी आहे त्यांनी ती उभी ठेवावयाची झाल्यास परिवहन कार्यालयास आधी लेखी कळवावे. न कळविल्यास गाडी चालूच आहे असे धरून कर चढत राहतो. टायर जुने की नवे हे नक्षीवरून ठरवू नये. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१४ म्हणजे २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा. आमच्या टायरांची नक्षी छान होती. आकडे पाहून पाचही बदलले.

आमची गाडी धुराच्या तपासणीत उतरली, मोटार वाहन निरीक्षकाने ब्रेक तपासले, आणि आता ती महिन्यातून सात-आठ फेऱ्या करते. एकूण खर्चात सामानाचे तीन हिस्से होते आणि मजुरीचा एक. आम्ही ते सारे आकडे सभासदांपुढे फळ्यावर लिहिले. त्यात पहिल्या आठ दिवसांची मजुरी वेगळ्या ओळीत लिहिली आणि तिच्यापुढे कामे एकेक करून मांडली, म्हणजे पुढच्या वेळी कोणी "तेव्हा काय केले?" असे विचारू नये.

आपणांस शेवटी तीन गोष्टींची विनंती आहे. आपल्या दारात गाडी उभी असेल तर ती चालवावयाची की मोडावयाची, हे आजच ठरवा. पावसाळा थांबत नाही. चालवावयाची ठरल्यास किल्लीला हात न लावता आधी मिस्त्री बोलवा, आणि तो ब्रेकपासून सुरुवात करू लागला तर त्याला घाई करू नका. आणि तिसरी, जिच्यासाठी आम्ही खरे तर येथवर आलो: इंजिनाचा आवाज ऐकून पैसे देऊ नका. आवाजाच्या आधीच्या दिवसांचे पैसे द्या, त्या-त्या दिवशी द्या, आणि मिस्त्रीच्या मागे उभ्या असलेल्या हेल्परच्या हातात त्याचे त्याला द्या.